शेवटच्या वर्तुळातले जग

२३ मार्च २०२० रोजी दहावीच्या परीक्षेतला भूगोलाचा पेपर व्हायचा होता. टाळेबंदीमुळे तो आधी पुढे ढकलला गेला आणि नंतर रद्दच झाला. राज्यभरातल्या सतरा लाखांवर मुलांना बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून भूगोलाचे गुण मिळाले. त्या वेळी दुसरा इलाज नव्हता, हे खरेच. पण गणिताचे गुण असे सरासरीने लावले असते तर घरोघरी काळजी पसरली असती. भूगोलाचे लावले तेव्हा बहुतेकांना एक ओझे उतरल्यासारखे वाटले. या विषयाला आपण किती किंमत देतो, ते तेव्हा उघड झाले.

प्रश्न एका पेपरापुरता नाही. शाळा सोडून वीस वर्षे झालेल्या माणसाच्या मनात जगाचे कोणते चित्र उरते? त्यातले शाळेने किती घातले, किती चुकीचे घातले, आणि जे घातलेच नाही ते त्याने कुठून मिळवले? नागपूर जिल्ह्याच्या उत्तरेला, मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून असलेल्या पारशिवनी तालुक्यातून या प्रश्नाकडे बघितले की तो जास्त टोकदार होतो. कारण पाठ्यपुस्तकात शेवटी येणारे जग या तालुक्यात फार आधीपासून आलेले आहे.

पारशिवनीच्या एखाद्या जुन्या घरात तीन पिढ्या एकत्र जेवायला बसल्या तर तिघांच्या मनात तीन वेगवेगळे नकाशे असतात. भोसल्यांचे नागपूर राज्य इंग्रजांनी १८५४ मध्ये खालसा केले, १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला, १९०३ मध्ये वऱ्हाड त्याला जोडले गेले. स्वातंत्र्यानंतर त्याच प्रांताचे मध्य प्रदेश झाले, तरी राजधानी नागपूरच होती. त्या काळात शाळेत गेलेल्या, आता पंच्याऐंशीच्या पुढे असलेल्या आजोबांच्या ‘आपल्या प्रांतात’ जबलपूर, सागर, रायपूर होते. नर्मदा त्यांची होती, महानदीही. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. मग मुलाच्या पुस्तकात सह्याद्रीचे घाट, कोकणची किनारपट्टी आणि कोयनेचे धरण आले. नातू सध्या ब्राझील शिकतो.

पेंच नदी तीच आहे. छिंदवाडा-सिवनीकडचे सोयरे, बाजार, लग्नाची बोलणी तशीच चालू आहेत. पण नातवाला विचारा, सातपुड्याच्या पलीकडे काय आहे? तोतलाडोह धरणापाशी त्याचा नकाशा संपतो. पलीकडचे राज्य तो रंगाने ओळखतो, गावाने ओळखत नाही. रत्नागिरी मात्र त्याला नकाशात दाखवता येते, तिकडे घरातले कोणी कधी गेलेले नसले तरी. रोज धावणाऱ्या एसटीपेक्षा शाळेच्या भिंतीवरचा नकाशा माणसाच्या मनात जास्त खोल जातो, याचा याहून साधा पुरावा मला माहीत नाही. पुस्तक बदलले की एका पिढीत ‘आपले’ काय आणि ‘परके’ काय हे बदलते.

आपली पुस्तके एका जुन्या तत्त्वावर उभी आहेत: जवळून दूर जावे. तिसरीत जिल्हा, म्हणून बालभारतीचे तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्ह्यागणिक वेगळे. चौथीत महाराष्ट्र आणि शिवराय. मग भारत. मग, वेळ उरला तर, जग. घर, गाव, तालुका, जिल्हा, राज्य, देश अशी वर्तुळे वाढत जातात आणि सर्वांत बाहेर जग असते. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेत पॉल हॅना यांनी सामाजिक शास्त्रांचा अभ्यासक्रम याच क्रमाने बांधला आणि पुढे तो अनेक देशांत रुजला. त्यावर कॅनडातले शिक्षणतज्ज्ञ किरन इगन यांनी मूलभूत हरकत घेतली. लहान मुलाचे मन जवळच्यातून दूर जाते हे गृहीतच त्यांना पटले नाही. पाच वर्षांच्या मुलाला राक्षस, समुद्र, राजे, दूरचे देश यांचीच ओढ असते. रोजचे पोस्ट ऑफिस त्याला कंटाळवाणे वाटते.

माझी हरकत त्याहूनही साधी आहे. ही वर्तुळे वस्तुस्थितीशी जुळत नाहीत. जग पारशिवनीच्या बाहेर, शेवटी, दहावीनंतर सुरू होत नाही. ते इथल्या जमिनीखाली आहे, भाजीच्या फोडणीत आहे आणि संत्र्याच्या भावात आहे.

आजच्या पुस्तकांत जगाला किती जागा आहे ते आधी पाहू. पाचवीच्या परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात मानवाची उत्क्रांती आणि शेतीची सुरुवात येते. मेसोपोटेमिया, इजिप्त, चीन, सिंधू अशा नागरी संस्कृतीही येतात. हे पुस्तक चांगले आहे. सहावीत प्राचीन भारत, सातवीत मध्ययुगीन भारत आणि मराठ्यांचा इतिहास, आठवीत इंग्रजी राजवट. आठवीच्या दुसऱ्या धड्यात युरोप आणि भारत यांचा संबंध सांगताना प्रबोधन, भौगोलिक शोध, क्रांत्या, औद्योगिक क्रांती हे सारे एकत्र दाटीवाटीने बसवले आहे. नववीत स्वातंत्र्योत्तर भारत. दहावीत २०१८ पासून उपयोजित इतिहास: इतिहासलेखन, कला, प्रसारमाध्यमे, खेळ, पर्यटन, वारसा.

२०१८ च्या आधीची दहावीची मुले साम्राज्यवाद, पहिले महायुद्ध, रशियन क्रांती, हुकूमशहांचा उदय, दुसरे महायुद्ध आणि आशिया-आफ्रिकेची स्वातंत्र्ये शिकत असत. ते पुस्तक सनावळीने भरलेले होते, रुक्षही होते, पण विसावे शतक त्यात होते. आता ते बारावीच्या इतिहासात गेले आहे. बारावीला इतिहास घेतो तो फक्त कला शाखेचा विद्यार्थी, आणि हुशार मुलाने कला शाखा घ्यायची नाही हा आपल्या घरोघरचा अलिखित नियम. म्हणजे विज्ञान शाखेला गेलेला पारशिवनीचा मुलगा उद्या डॉक्टर किंवा इंजिनिअर होईल, आणि हिटलरबद्दल त्याने शाळेत शिकलेले जवळजवळ काहीच नसेल. जे कळेल ते मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीतून.

दहावीच्या त्याच पुस्तकात पहिल्या धड्यात पाश्चात्त्य इतिहासलेखनाची परंपरा आहे: देकार्त, व्हॉल्तेअर, हेगेल, रांके, मार्क्स, फुको. इतिहास कसा लिहिला जातो हे मुलांना सांगावे ही कल्पना मला मनापासून मान्य आहे. पण फ्रान्सची क्रांती ज्याला धड शिकवलेली नाही त्याला व्हॉल्तेअरचे नाव फक्त ‘जोड्या लावा’ साठी उपयोगी पडते. पाया न घालता वरचा मजला बांधलेला आहे, आणि याचे नुकसान शहरापेक्षा तालुक्यातल्या मुलाचे जास्त होते. शहरातल्या मुलाच्या घरी दुसरी पुस्तके असतात. इथे पाठ्यपुस्तक हेच बहुधा घरातले एकमेव पुस्तक, आणि सोबत बाजारातले गाईड.

भूगोलाची गोष्ट वेगळी आहे. दहावीचे भूगोलाचे पुस्तक भारत आणि ब्राझील यांची तुलना करते: स्थान, प्राकृतिक रचना, हवामान, वनस्पती, लोकसंख्या, अर्थव्यवस्था, पर्यटन, वाहतूक. एका अनोळखी देशाला वर्षभर आपल्या देशाशेजारी ठेवून बघायचे, हे मराठी शालेय पुस्तकांतले एक धाडसी काम आहे. युरोप-अमेरिकेऐवजी दक्षिण गोलार्धातला, आपल्यासारखाच मोठा आणि गुंतागुंतीचा देश निवडला, हेही विचारपूर्वक केलेले आहे.

पण वर्गात काय होते? ‘पंतनाल’, ‘ॲमेझॉनचे खोरे’, ‘फॅवेला’ हे शब्द टिपा लिहा म्हणून पाठ होतात आणि परीक्षेनंतर विरून जातात. ब्राझील हा जगातला सर्वांत मोठा संत्रा उत्पादक देश आहे. सोयाबीनमध्येही तो आघाडीवर आहे आणि तिथल्या पिकाचा अंदाज बदलला की आपल्याकडच्या बाजार समितीत सोयाबीनचा भाव हलतो. ब्राझीलच्या मांसोद्योगाचा पाया असलेली नेलोर जातीची गुरे आपल्या आंध्रातल्या ओंगोल गुरांची वंशज आहेत. नागपूर जिल्ह्यातल्या वर्गात याहून जवळचा धडा कोणता असेल? ज्याच्या वावरात सोयाबीन आहे आणि ज्याच्या काकाची संत्र्याची बाग आहे त्याला हा देश परका वाटायला नको होता. दोष पुस्तकाचा कमी आणि आपल्या शिकवण्याचा जास्त आहे. पुस्तक सगळ्या राज्यासाठी एकच असते. पारशिवनीचा दुवा पारशिवनीच्या शिक्षकालाच जोडावा लागतो, आणि त्या शिक्षकाला माहिती भरण्याची, जनगणनेची, निवडणुकीची कामे आधी उरकावी लागतात.

लोकांच्या मनात मग काय टिकते? महाराष्ट्रात शिकलेल्या कोणालाही विचारा, शाळेतला कोणता इतिहास आठवतो. उत्तर बहुधा एकच येते: चौथीचे शिवछत्रपती. १९७० पासून हे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. ते का टिकले याचा अभिमानापलीकडे जाऊन विचार केला पाहिजे. त्यात वर्षभर एकच गोष्ट आहे. माणसे आहेत, त्यांचे निर्णय आहेत, जागा आहेत, आणि प्रत्येक प्रसंग आधीच्या प्रसंगातून निघतो. प्रतापगड कधीही न पाहिलेला पारशिवनीचा मुलगा प्रतापगड विसरत नाही. म्हणजे दूरचे ते लक्षात राहत नाही हे म्हणणे खरे नाही. गोष्ट पूर्ण सांगितली तर सहाशे-सातशे किलोमीटरवरचा गड मनात घर करतो. मग तशी पूर्ण सांगितलेली एकही गोष्ट जगातली का नाही? मॅगेलनच्या मोहिमेची, हैतीच्या गुलामांच्या बंडाची, नेल्सन मंडेलांच्या तुरुंगवासाची?

दुसरी टिकलेली गोष्ट जुन्या पिढीच्या भूगोलातली. टुंड्रातले एस्किमो आणि त्यांचे इग्लू, कांगोच्या खोऱ्यातले पिग्मी, वाळवंटातले बदाऊन, स्टेपीतले किरगीझ. ए. जे. हर्बर्टसन यांनी १९०५ मध्ये जगाची नैसर्गिक प्रदेशांत विभागणी मांडली आणि ती शालेय भूगोलाचा कणा बनली. हवामान तशी वनस्पती, वनस्पती तसा माणूस, असा त्याचा सरळ उलगडा होता. शिकवायला सोपा, लक्षात ठेवायला सोपा. पण त्यामुळे साठीच्या माणसाच्या मनात आफ्रिका अजूनही जंगल आणि वाळवंट एवढीच आहे. चौपन्न देश, मुंबईशी बरोबरी करू पाहणारे लागोससारखे शहर, तिथली चित्रपटसृष्टी हे त्या चित्रात कुठेच नाही. शाळेने घातलेले ज्ञान विसरले जाते याची आपण काळजी करतो. जे विसरले जात नाही त्याची काळजी अधिक करायला हवी.

आकड्यांत बोलायचे तर २०१७ च्या ‘असर’ सर्वेक्षणाकडे जावे लागते. प्रथम संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या या पाहणीत देशाच्या २८ जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींना भारताचा नकाशा दाखवला होता. हा कोणत्या देशाचा नकाशा, हे १४ टक्क्यांना सांगता आले नाही. देशाची राजधानी ३६ टक्क्यांना सांगता आली नाही. स्वतःच्या राज्याचे नाव २१ टक्क्यांना, आणि ते राज्य नकाशात बोट ठेवून दाखवणे ५८ टक्क्यांना जमले नाही. शेवटचा आकडा मला सर्वांत बोलका वाटतो. नाव माहीत आहे, जागा माहीत नाही. नाव घोकून येते. जागा कळायला नकाशा हाताळावा लागतो, आणि आपल्याकडे नकाशा भिंतीवर उंच टांगलेला असतो किंवा प्लॅस्टिकच्या साच्यातून पेन्सिलीने गिरवलेला.

श्रीमंत देशांतही ही दुखणी आहेत. २००६ मध्ये अमेरिकेत १८ ते २४ वयाच्या तरुणांची पाहणी झाली. त्यांच्या देशाचे सैन्य तेव्हा तीन वर्षे इराकमध्ये लढत होते, तरी ६३ टक्क्यांना मध्यपूर्वेच्या नकाशात इराक सापडला नाही. दुसऱ्या एका अभ्यासात, जो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, भारतासह ३५ देशांतल्या विद्यार्थ्यांना विचारले होते की जगाच्या इतिहासात तुमच्या देशाचा वाटा किती टक्के? सगळ्या देशांच्या सरासरी उत्तरांची बेरीज हजार टक्क्यांच्या पुढे गेली. हा दोष कोणा एका देशाचा नाही. प्रत्येक देशाची शाळा आपल्या मुलांना आपलीच गोष्ट सांगते आणि इतरांची तळटीप करते. कृष्ण कुमार यांनी ‘प्रेज्युडिस अँड प्राइड’ या पुस्तकात भारत आणि पाकिस्तानच्या पाठ्यपुस्तकांत स्वातंत्र्यलढा किती वेगवेगळा सांगितला जातो ते दाखवले. उलट एकमेकांशी तीन मोठी युद्धे लढलेल्या जर्मनी आणि फ्रान्सने २००६ मध्ये दोन्ही देशांतल्या मुलांसाठी इतिहासाचे सामाईक पाठ्यपुस्तक काढले. आपल्या उपखंडात असे पुस्तक निघेल तेव्हा निघो. पण ते शक्य असते एवढे तरी आपल्या शिक्षकांना ठाऊक असावे.

आता तालुक्याकडे येतो, कारण मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते इथलेच.

पारशिवनी तालुक्यात कन्हानजवळ गोंडेगावची उघडी कोळसा खाण आहे. इथला कोळसा ज्या खडकांत सापडतो त्यांना भूशास्त्रात गोंडवाना खडक म्हणतात आणि त्यातल्या एका थरमालिकेचे जागतिक नाव ‘कामठी’ आहे, शेजारच्या कामठी गावावरून. एडुआर्ड झ्यूस या ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञाने दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडाला १८८५ मध्ये ‘गोंडवाना-लँड’ म्हटले, ते गोंडांच्या या प्रदेशावरून. ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वनस्पतीच्या पानांचे ठसे भारत, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका इथे सारखेच सापडतात. दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावलेल्या रॉबर्ट स्कॉट आणि त्यांच्या सोबत्यांनी ओढून आणलेल्या दगडांतही तीच पाने होती. हे खंड कधीकाळी एकत्र होते याचा तो मोठा पुरावा ठरला. नागपूर परिसरातले असे जीवाश्म एकोणिसाव्या शतकात गोळा करणारे स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी होते. ते १८६३ मध्ये टाकळघाटजवळ ओढ्याच्या पुरात बुडून वारले. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात त्यांचे नाव आहे, पण त्यांनी दगड का फोडले हे तिथे शिकलेल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

भूगोलाच्या पुस्तकात ‘गोंडवाना’ हा शब्द येतो. तो आफ्रिका आणि अंटार्क्टिकाच्या चित्राखाली येतो. वर्गात गोंड मुले बसलेली असतात. पेंचच्या काठी कुवारा भिवसनच्या जत्रेला जाणाऱ्या घरातली, घरी गोंडी कानावर पडलेली, शाळेत पुण्याकडच्या वळणाची मराठी वाचणारी. जगातल्या प्रत्येक भूगोलाच्या वर्गात जे नाव घेतले जाते ते आपल्या लोकांचे आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. हा अन्याय आहे, आणि तो दुरुस्त करायला एक वाक्य पुरते.

गोंडांच्याच इतिहासाचे बोलायचे तर नागपूर शहर वसवले ते देवगडच्या बख्त बुलंद शहाने, अठराव्या शतकाच्या आरंभी. जिल्ह्याबाहेरच्या किती मराठी मुलांना हे माहीत असते? त्याही मागे गेलो तर शेजारच्या रामटेक तालुक्यात नगरधन आणि मनसर आहेत, वाकाटक राजघराण्याची ठाणी. चौथ्या शतकाच्या अखेरीस आणि पाचव्याच्या आरंभी इथे प्रभावतीगुप्ता मुलांच्या वतीने राज्य चालवत होती, दुसऱ्या चंद्रगुप्ताची ती मुलगी. त्याच वर्षांत फाहियान चीनहून भारतात फिरत होता. ४१० मध्ये गॉथ टोळ्यांनी रोम लुटले. आपली पुस्तके एक घराणे संपवतात आणि दुसरे सुरू करतात. त्याच वेळी बाकी जगात काय चालले होते, ही ओळ ती बहुधा देत नाहीत. ती ओळ नसल्यामुळे मुलाला वाटते की भारताचा इतिहास एका खोलीत घडला आणि जगाचा दुसऱ्या.

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटात विल्यम लॅम्बटन यांची कबर आहे. भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारे हे अधिकारी कामावर असतानाच १८२३ मध्ये तिथे वारले, आणि त्यांच्या जागी आले जॉर्ज एव्हरेस्ट. एव्हरेस्टचे नाव पहिलीतल्या मुलालाही येते. ज्यांच्यानंतर ते आले ते आपल्याच मातीत आहेत, हे माहीत असणारा मात्र क्वचित भेटतो.

कापसाचेही तसेच. १८६१ ते १८६५ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध झाले, मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना, आणि वऱ्हाड व वर्धा खोऱ्यातल्या कापसाला एकाएकी सोन्याचे मोल आले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गुलामगिरी, गिरणी, रेल्वे, शेतकऱ्याचे कर्ज हे सारे या एका धाग्यात शिकवता येते. भिवापूरच्या ज्या मिरचीचा आपल्याला अभिमान आहे ती मुळात अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलेली. टोमॅटो, बटाटा, भुईमूग, मका आणि पेरूही तिकडचेच. कोलंबसाचा धडा ‘१४९२’ या सनावर संपवण्याऐवजी स्वयंपाकघरापासून सुरू करता येतो.

शाळेने जे दिले नाही ते लोकांनी दुसरीकडून मिळवले, हाही या प्रश्नाचा मोठा भाग आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात खेड्यातल्या प्राथमिक शाळेत मोडी-बालबोध लेखनवाचन, हिशेब आणि शेतीबरोबरच सामान्य इतिहास आणि सामान्य भूगोलाची तोंडओळख असावी, असे त्यांनी मागितले होते. शेतकऱ्याच्या मुलाला जगाचा भूगोल कशाला, असे त्यांना वाटले नाही. त्याआधी १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना. जगाचा इतिहास कशासाठी शिकायचा याचे यापेक्षा सरळ उदाहरण मराठीत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली. त्यानंतर या भागातल्या हजारो बौद्ध घरांत जगाचा एक वेगळाच नकाशा तयार झाला. लुंबिनी, बुद्धगया, श्रीलंका, म्यानमार, थायलंड, जपान. कामठीचे ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहार जपानी सहकार्याने उभे राहिले. मनसरला नागार्जुनाच्या नावाने स्मारक आहे. कन्हानच्या एखाद्या वस्तीतल्या कमी शिकलेल्या आजीला कोलंबिया विद्यापीठाचे नाव माहीत असते, कारण बाबासाहेब तिथे शिकले. ज्या दूरच्या जागांशी आपला संबंध आहे त्या जागा माणूस विसरत नाही. अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी या घरांकडून पुष्कळ शिकावे.

मराठीत जग आणण्याचा मोठा खटाटोपही याच मुलखातून सुरू झाला. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत शिकून आले आणि त्यांनी ज्ञानकोश हाती घेतला. त्यासाठीचे मंडळ नागपूरचे होते. तेवीस विभागांच्या त्या कोशाच्या पहिल्याच विभागाचे नाव ‘हिंदुस्थान आणि जग’. इंग्रजी न येणाऱ्या वाचकाला जग मराठीतून मिळाले पाहिजे, या हट्टातून ते काम झाले.

आज तो हट्ट तालुक्याच्या अभ्यासिकांत एका वेगळ्या रूपात दिसतो. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी. चोवीस-पंचवीस वर्षांची मुले रात्री उशिरापर्यंत बसून सामान्य ज्ञानाची पुस्तके वाचतात. लोकसेवा आयोगांच्या मुख्य परीक्षेत अठराव्या शतकापासूनचा जगाचा इतिहास आहे. म्हणजे दहावीतून काढून टाकलेली रशियन क्रांती आणि महायुद्धे पंचविशीत, फी भरून, स्पर्धेच्या धाकाखाली परत शिकावी लागतात. मुले ती जिद्दीने शिकतात. पण ज्या वयात त्या गोष्टींनी माणूस घडतो ते वय निघून गेलेले असते, आणि वाचन गुणांपुरते उरते.

यावर करता काय येईल? २०२५-२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने राज्याची नवी पाठ्यपुस्तके येत आहेत. ती नववीपर्यंत पोहोचतील तेव्हा विसाव्या शतकाचे जग नववीतच आणले पाहिजे, कारण तिथपर्यंत सगळी मुले एकत्र असतात. प्रत्येक इयत्तेत जगातली एक गोष्ट चौथीच्या शिवचरित्रासारखी सलग, पूर्ण सांगावी. आणि तिसरीचे जिल्ह्याचे पुस्तक जगापासून सुरू करायला हरकत नाही. नागपूर जिल्ह्याच्या पुस्तकाचा पहिला धडा गोंडवाना असू शकतो.

नव्या पुस्तकांची वाट न बघताही काही करता येते. पारशिवनी साधारण २१.४ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावर येतो, मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यात. पण मे महिन्यात शाळेला सुट्टी असते आणि जुलैत आकाश ढगांनी भरलेले. म्हणून २२ डिसेंबर धरावा. त्या दिवशी इथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जवळजवळ बरोबर ४५ अंशांवर असतो, म्हणजे मैदानात उभ्या रोवलेल्या काठीची सावली काठीएवढीच पडते. ती सर्वांत आखूड होते घड्याळात साधारण बारा वाजून बारा मिनिटांनी, कारण भारताची प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आणि आपण ७९च्या जरा पुढे. अक्षांश, रेखांश, प्रमाणवेळ, पृथ्वीचा कल हे सारे एका काठीवर कळते, आणि खर्च काही नाही.

दहावीच्या भूगोलाचा पहिला धडा क्षेत्रभेटीचा आहे. त्यात मुले नळदुर्गहून अलिबागला जातात. धडा सुरेख आहे, पण पारशिवनीच्या मुलासाठी नळदुर्ग आणि अलिबाग दोन्ही राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. बहुतेक शाळांत हा धडा वाचून संपतो आणि सहल जाते एखाद्या वॉटर पार्कला. आपल्या क्षेत्रभेटीचा मार्ग वेगळा हवा. सकाळी गोंडेगावच्या खाणीच्या कडेला, तिथून कामठीचे ड्रॅगन पॅलेस, दुपारी नगरधनचा किल्ला, मग मनसरचे उत्खनन आणि तिथल्याच मँगनीजच्या खाणी, जिथले खनिज शंभर वर्षांपूर्वी जहाजांत भरून परदेशच्या पोलाद कारखान्यांत जात होते. खाणींसाठी वेस्टर्न कोलफिल्ड्सची आणि मँगनीज काढणाऱ्या मॉइल कंपनीची परवानगी आधी काढावी लागेल, सोबत इतिहासाचे आणि भूगोलाचे असे दोन्ही शिक्षक लागतील, आणि एसटीची एक बस. सगळे अंतर एका दिवसात होते.